सुईची तपासणी आणि मनातली भीती

ऑपरेशन झालं, केमोचे डोस झाले, शेक घेऊन झाला. गेलेले केस परत आले, पोळ्या लाटताना भरून येणारा हात सैल झाला, आणि घरातले सगळे "आता मिटलं एकदाचं" असं म्हणू लागले. अशात फॉलोअपला गेलेल्या बाईला डॉक्टर हाताने तपासतात आणि सांगतात, "इथे जरा टणक लागतंय. सुईने बायोप्सी करून घेऊ." बस्स! दवाखान्यातून घरी येईपर्यंत तिने मनातल्या मनात सगळा शेवट पाहून टाकलेला असतो.

मैत्रिणींनो, या आजारातून उठलेल्या बायकांशी बोलताना एक गोष्ट सारखी जाणवते. सुई टोचल्याच्या दुखण्याला त्या फारशा घाबरत नाहीत. बाळंतपणं, ऑपरेशन, केमो एवढं सोसलेल्या बाईला एका सुईचं काय? भीती असते ती दोन गोष्टींची. एक, 'सुई सांगितली म्हणजे आजार परत आला.' आणि दुसरी, शेजारपाजारच्या बायका कानात सांगतात ती, "सुई लावून घेऊ नको गं माय, गाठीला डिवचलं की ती उसळते." मग तारीख पुढे ढकलली जाते. सोयाबीन घरात येऊ द्या, दिवाळी होऊ द्या, पोरीचं लग्न उरकू द्या. नांदेड असो की लातूर, हेच चाललेलं दिसतं. म्हणून आज या सुईबद्दल जरा सविस्तर बोलू.

डॉक्टर सुई का सांगतात?

स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपल्यावर साधारणपणे पहिली काही वर्षं दर ३ ते ६ महिन्यांनी, पुढे ५ वर्षं पूर्ण होईपर्यंत ६ ते १२ महिन्यांनी आणि नंतर वर्षातून एकदा दाखवायला बोलावतात. वर्षातून एकदा मॅमोग्राफीही असते. या तपासण्यांत कधी टाक्यांच्या जागी गाठ लागते, कधी काखेत किंवा मानेत काही हाताला येतं, कधी सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये एखादा ठिपका दिसतो.

आता हे सगळं कॅन्सरच असतं का? मुळीच नाही. ऑपरेशन झालेल्या जागी चरबीचा थोडा भाग निर्जीव होऊन त्याची टणक गाठ बनते. आतल्या टाक्याच्या दोऱ्याभोवती गाठ धरते. शेक घेतलेली कातडी आणि तिच्याखालचा भाग कडक होतो. कधी नुसतं पाणी साचलेलं असतं. मानेतली किंवा काखेतली गाठ टीबीचीही असू शकते, आणि आपल्या भागात टीबी काही नवा नाही. पण यातलं नेमकं काय आहे हे कितीही अनुभवी डॉक्टर नुसत्या हाताने छातीठोकपणे सांगू शकत नाही. स्कॅनही 'संशय आहे' एवढंच म्हणतो. खात्री होते ती तिथला कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर. म्हणून सुई.

आणि समजा, आजार परत आला असेल तरीही सुई लागतेच. कारण परत आलेल्या आजाराचा स्वभाव कधी कधी पहिल्यापेक्षा वेगळा निघतो. पहिल्या वेळी हार्मोनची गोळी लागू पडत होती, ती आताही पडेल का, हे त्या तुकड्याच्या तपासणीवरून ठरवता येतं. जुन्या रिपोर्टवर औषध देणं म्हणजे गेल्या वर्षीच्या मापाने ब्लाऊज शिवण्यासारखं आहे!

दोन प्रकारच्या सुया

पहिली बारीक सुई. तिला एफएनएसी म्हणतात. ही नेहमीच्या इंजेक्शनच्या सुईसारखी असते. गाठीत घालून थोडी मागेपुढे करतात, पेशी ओढून घेतात आणि काचेच्या पट्टीवर पसरतात. गरजेप्रमाणे दोन-तीनदा टोचावं लागतं. काम पाच-दहा मिनिटांत आटोपतं आणि रिपोर्ट बहुधा एक-दोन दिवसांत मिळतो.

दुसरी जाड सुई. हिला कोअर बायोप्सी किंवा ट्रू-कट म्हणतात. हिच्यातून शेवईच्या तुकड्याएवढा बारीक तुकडा निघतो. कॅन्सरचा प्रकार आणि हार्मोनच्या तपासण्या यासाठी हीच जास्त उपयोगी. आधी जागा बधिर करण्याचं इंजेक्शन देतात, ते दोन-चार सेकंद चुणचुणतं. मग कातडीला अगदी छोटीशी चीर देऊन सुई आत घालतात. सुई उडते तेव्हा स्टेपलरसारखा 'खट्ट' आवाज येतो. बायका दचकतात त्या या आवाजाला! म्हणून डॉक्टरांना आधीच म्हणावं, "आवाज व्हायच्या आधी सांगा." आत काहीतरी दाबल्यासारखं, ओढल्यासारखं वाटतं, पण तीव्र दुखू नये. दुखलं तर लगेच बोलावं, आणखी बधिर करता येतं. असे तीन-चार किंवा जास्त तुकडे घेतात. सगळं मिळून अर्धा-पाऊण तास धरावा. टाके सहसा लागत नाहीत.

गाठ हाताला लागत नसेल तर सोनोग्राफीत बघत सुई घालतात. फुप्फुस किंवा यकृतातला ठिपका असेल तर सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅनच्या मदतीने करतात आणि नंतर काही तास दवाखान्यात नजरेखाली ठेवतात.

जाण्याआधी

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल (हृदयविकार किंवा लकव्यानंतर ती देतात) तर तारीख घेतानाच सांगा. पण ती गोळी आपल्या मनाने बंद करू नका. किती दिवस बंद ठेवायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. मधुमेह, बीपी, एखाद्या इंजेक्शनची रिअॅक्शन, गरोदरपणाची शक्यता, हेही सांगा. स्तनाच्या किंवा काखेतल्या गाठीसाठी बहुतेक वेळा उपाशी राहावं लागत नाही. पोटातल्या किंवा छातीतल्या सुईसाठी मात्र काही तास उपाशी बोलावतात. नक्की काय करायचं ते विचारून घ्या, नाहीतर मधुमेह असलेली बाई उगाच उपाशी बसून चक्कर येऊन पडायची.

पुढून उघडणारा ब्लाऊज किंवा सैल कुर्ता घाला. पावडर, अत्तर लावू नका. दागिने घरीच ठेवा. ज्या बाजूच्या काखेतल्या गाठी काढल्या आहेत, त्या हाताला सुई किंवा बीपीचा पट्टा लावण्याआधी नर्सला सांगा. तपासणी करणारे पुरुष डॉक्टर असतील तर खोलीत नर्स किंवा घरातली बाई हवी असं मोकळेपणाने म्हणा, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सहीचा कागद पुढे आला की "मराठीत समजावून सांगा" म्हणा आणि मगच सही करा. आणि जुनी फाईल! ऑपरेशनचे, शेकाचे, केमोचे सगळे कागद आणि फिल्म बरोबर घ्या.

घरी आल्यावर

पट्टी सांगतील तितका वेळ कोरडी ठेवा. कापडात गुंडाळलेला बर्फ थोडा थोडा वेळ लावला की सूज कमी राहते. तिथे काळं-निळं पडतं, ते आठवडाभरात उतरतं. दुखलं तर डॉक्टरांनी सांगितलेली साधी गोळी चालते, पण अॅस्पिरिन विचारल्याशिवाय नको. एक-दोन दिवस पाण्याचा हंडा, दळणाचा डबा, धुण्याची बादली दुसऱ्या कुणाला उचलू द्या. हळद, चुना, कसलाही लेप त्या जागी लावू नका.

मात्र दाबून धरूनही रक्त थांबत नसेल, सूज भराभर वाढत असेल, ताप आला, पू आला तर लगेच दवाखाना गाठा. फुप्फुसाची सुई झाल्यावर दम लागला किंवा छातीत दुखू लागलं, यकृताच्या सुईनंतर पोटात जोरात दुखलं किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट बघू नका.

'सुई लागली की पसरतो' हे खरं का?

आता त्या कानात सांगितलेल्या गोष्टीकडे येऊ. सुईच्या वाटेवर एखाददुसरी पेशी सांडू शकते, हे डॉक्टरही नाकारत नाहीत. पण स्तनाच्या कॅन्सरमध्ये त्यामुळे नुकसान झाल्याचं क्वचितच दिसतं. जगभर स्तनाच्या कॅन्सरचे उपचार आधी सुईची बायोप्सी करूनच ठरवतात. अंडकोषाचा कॅन्सर किंवा यकृताच्या काही गाठी यांसारख्या मोजक्या आजारांत डॉक्टर स्वतःच सुई टाळतात किंवा फार विचाराने घालतात. म्हणजे कुठे सुई घालायची आणि कुठे नाही, याचं शास्त्र ठरलेलं आहे.

मग ही समजूत आली कुठून? 'अमकीला सुई लावली आणि सहा महिन्यांत गेली' अशा गोष्टींतून. त्या गोष्टीत दोन वाक्यं गाळलेली असतात. सुई लावली तेव्हाच आजार पुढे गेलेला होता, हे एक. आणि रिपोर्ट आल्यावर ती उपचाराला न जाता झाडपाल्याच्या औषधामागे फिरली, हे दुसरं. दोष मात्र सुईवर येतो.

आपल्या शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं उदाहरण पाहा. १९९९ पासून तिथल्या ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार बायकांना घेऊन गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलचा त्यात मोठा वाटा होता. ज्यांच्या तपासणीत शंका आली त्यांना पुढे बोलावलं आणि गरज पडली तिथे बारीक तुकडा काढून पाहिला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही ही तपासणी ज्या गटात झाली, तिथे या कॅन्सरने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. तो आजार वेगळा आणि तिथे सुईही नव्हती, पण तुकडा काढून वेळेवर खात्री करून घेतल्याने जीव वाचतात, हे आपल्यासारख्याच शेतात राबणाऱ्या बायकांनी दाखवून दिलं.

लेखिका ताहिरा कश्यप यांना २०१८ मध्ये स्तनाचा कॅन्सर झाला होता. सात वर्षांनी, एप्रिल २०२५ मध्ये, तो परत आल्याचं त्यांनी स्वतः जाहीर केलं आणि नियमित तपासणी करत राहा असं सगळ्यांना सांगितलं. सात वर्षं बरी गेली म्हणून फॉलोअप सोडायचा नसतो, तो याचसाठी.

रिपोर्ट हातात घ्या

कोअर बायोप्सीच्या रिपोर्टला आठवडा, हार्मोनच्या तपासण्या असतील तर त्याहून जास्त दिवस लागू शकतात. 'कॅन्सर नाही' आणि 'कॅन्सर आहे' याशिवाय तिसरं उत्तरही येतं, 'नमुना अपुरा'. याचा अर्थ वाईट बातमी असा नाही. पेशी कमी आल्या, पुन्हा सुई करावी लागेल, इतकंच. रिपोर्ट चांगला आला पण स्कॅनमधलं चित्र त्याच्याशी जुळत नसेल, तरीही डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. तेव्हा "एकदा झालं की" म्हणून मोडता घालू नका.

काढलेला तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवतात, त्याला ब्लॉक म्हणतात. पुढे उपचाराला बार्शी, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कॅन्सर रुग्णालय किंवा मुंबईचं टाटा हॉस्पिटल गाठायची वेळ आली, तर ब्लॉक आणि काचेच्या पट्ट्या पावती घेऊन बरोबर न्या. टाटामध्ये त्या पुन्हा तपासतात. हे न नेल्यामुळे देवगिरी नाहीतर लातूर एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून गेलेल्या माणसांना पुन्हा माघारी यावं लागतं.

फक्त सुईसाठी मुंबई गाठायची गरज दर वेळी नसते. नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि विवेकानंद रुग्णालय आहे. तुमच्या गाठीची सुई इथे होईल का, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे अनेक उपचार आहेत. तुमची तपासणी त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाखवून आधीच विचारून घ्या.

शेवटी घरातल्यांसाठी एक गोष्ट. रिपोर्ट आला की पुरुषमाणसं बाहेर उभी राहून कुजबुजतात आणि "तिला सांगू नका, खचेल" म्हणतात. अहो, चेहऱ्यांवरून तिला सगळं कळतं, फक्त विचारायला कुणी उरत नाही. तपासणी तिच्या शरीराची झाली, उपचार तिला घ्यायचे आहेत. तिला शेजारी बसवून डॉक्टरांशी बोला. आणि मैत्रिणींनो, तुम्हीही "मला काय कळतंय" म्हणून मागे बसू नका. काय निघालं, पुढे काय करायचं आणि परत कधी यायचं, एवढे तीन प्रश्न पदराच्या गाठीला बांधून जा आणि उत्तरं घेतल्याशिवाय त्या खुर्चीवरून उठू नका.