जमिनीला विसावा, तसा धावणाऱ्यालाही

शेतकरी बंधूंनो, पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहाटे गावच्या रस्त्यावर पोरं धावताना दिसतात. मुलांना सोळाशे मीटर, म्हणजे जवळजवळ एक मैल पळायचं असतं. रोज जीव तोडून पळतात आणि ऐन भरतीच्या दिवशी नडगी धरून बसतात. अशा पोरांच्या वडिलांनी आणि सरपंच मंडळींनी एका अमेरिकन मास्तरांची हकीकत जरूर ऐकावी.

त्यांचं नाव बिल बोवरमन. जन्म 1911 चा, ऑरेगन राज्यातला. विद्यापीठात ते फुटबॉल खेळले. बिल हेवर्ड या जुन्या प्रशिक्षकांच्या हाताखाली पाव मैलाची शर्यतही धावले. पुढे शाळेत मास्तरकी केली. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या डोंगराळ आघाडीवर लढले आणि 1948 साली आपल्याच विद्यापीठात परतले. तिथं त्यांनी सुमारे 24 वर्षं धावपटू घडवले. 1962, 1964, 1965 आणि 1970 अशी चार वेळा देशातल्या महाविद्यालयांची अजिंक्यपदं मिळवली. एक मैल चार मिनिटांच्या आत धावणारे 16 जण त्यांच्या हाताखाली तयार झाले.

हे जमलं कसं? त्यांचा नियम साधा होता. एक दिवस कस लावून मेहनत, दुसऱ्या दिवशी हलकं धावणं. त्या काळी जितकं जास्त पळावं तितकं चांगलं, असाच बहुतेकांचा समज होता. केनी मूर नावाचा शिष्य हट्टानं रोज जास्तच पळायचा आणि सारखा आजारी पडायचा. मास्तरांनी त्याला दमच दिला, की तीन आठवडे रोज फक्त तीन मैल, तेही सावकाश. त्यानंतरच्या शर्यतीत मूरनं स्वतःचीच जुनी वेळ पार मागं टाकली. पुढं 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉनला चौथा आला.

बंधूंनो, यात आपल्याला नवं ते काय? उसावर ऊस घेत राहिलं तर रान थकतं, हे आपण जाणतोच. अंगाचंही तसंच आहे. ताकद मेहनतीनं येत असली, तरी ती अंगी मुरते विसाव्यात.

बोवरमन शिष्यांचे बूटही स्वतः शिवत. 1964 साली फिल नाइट या जुन्या शिष्याबरोबर त्यांनी प्रत्येकी 500 डॉलर घालून धंदा काढला. पुढं त्याचीच नायकी कंपनी झाली. 1971 साली त्यांनी बायकोच्या वॉफलच्या साच्यात, म्हणजे जाळीदार धिरड्याच्या साच्यातच म्हणा, रबरासारखं रसायन ओतलं आणि खाचांचा तळ केला. पहिला साचा चिकटून वाया गेला, पण तळ जमला.

आता कडू भाग. हवा न खेळणाऱ्या खोलीत वर्षानुवर्षं गोंद आणि रसायनं हाताळल्यानं त्यांच्या पायाच्या नसा निकामी होत गेल्या. स्वतः केलेले बूट घालून त्यांना धावता येईना. दुसऱ्यांच्या अंगाला जपणारा माणूस स्वतःच्या बाबतीत मात्र चुकला. तोंडाला फडकं नाही, हातात मोजे नाहीत, अशी फवारणी करणाऱ्या आपल्या भावांनी हे ध्यानात ठेवावं.

बोवरमन 1999 साली वारले. उद्या पहाटे पोरगा उठेल तेव्हा त्याला एवढंच विचारा, "काल कस लावून पळालास ना? मग आज हळू."