कळतं, पण वळत नाही : गाडीचं कुलूप आणि माणसाचा विवेक

मागच्या व्याख्यानात आपण इच्छाशक्तीच्या दुबळेपणाविषयी बोललो होतो. ते संपल्यावर एक गृहस्थ आमच्यापाशी थांबले. त्यांचा भाचा कॅलिफोर्नियात नोकरीला आहे. दारू पिऊन गाडी चालवताना तो सापडला. कुणाला इजा झाली नाही, पण कोर्टानं दोषी ठरवलं. आता त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. गाडीत श्वास तपासणारं यंत्र सहा महिने बसवायचं आणि हवं तिथे गाडी न्यायची, ही एक. यंत्र नको असेल तर वर्षभर फक्त कामावर आणि उपचारवर्गाला जाण्यापुरतीच गाडी चालवायची, ही दुसरी. घरचे म्हणतात, यंत्र नको, लोक बघतील. त्या गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "सर, रोज आपल्याच गाडीपुढे फुंकून दाखवायचं, हा माणसाचा अपमान नाही का?"

प्रश्न साधा नाही. म्हणून आज तोच घेऊ.

आधी हे यंत्र काय करतं ते बघू. त्याला इग्निशन इंटरलॉक म्हणतात. गाडी सुरू करण्यापूर्वी नळीत फुंकायचं. आत एक छोटा इंधनघट असतो. श्वासात अल्कोहोल असेल तर त्यातल्या प्लॅटिनमवर त्याची रासायनिक क्रिया होऊन वीज निर्माण होते. अल्कोहोल जितकं जास्त, तितकी वीज जास्त. ठरलेल्या मर्यादेपेक्षा आकडा वर गेला की इंजिन सुरूच होत नाही. अमेरिकेत बहुतेक राज्यांत रक्तातल्या अल्कोहोलची कायदेशीर मर्यादा ०.०८ टक्के आहे. यंत्राची मर्यादा मात्र त्याहून पुष्कळ खाली, साधारण ०.०२ च्या आसपास असते.

गाडी चालू झाल्यावरही ते अधूनमधून पुन्हा फुंकायला सांगतं. अनेकांना वाटतं, तेव्हा नापास झालो तर भर रस्त्यात इंजिन बंद पडेल. तसं होत नाही, ते धोक्याचं ठरेल. नोंद होते, आणि पुष्कळ यंत्रांत हॉर्न वाजू लागतो, दिवे लुकलुकतात. मित्राला फुंकायला लावलं तर? कॅलिफोर्नियात तोही गुन्हा आहे, शिवाय अनेक यंत्रांना कॅमेरा असतो. माउथवॉशनं चूळ भरून लगेच फुंकलं तरी आकडा वर जाऊ शकतो. अशा वेळी पाण्यानं तोंड धुऊन थोडं थांबायचं आणि पुन्हा फुंकायचं.

इथे एक हिशेब सांगतो, तो भल्याभल्यांना ठाऊक नसतो. शरीर तासाला साधारण ०.०१५ इतकंच अल्कोहोल संपवतं. मध्यरात्री आकडा ०.१५ असेल तर सकाळी सातला तो ०.०४५ च्या जवळपास राहतो. झोप झालेली आहे, आंघोळ झालेली आहे, चहा झालेला आहे, आणि तरीही गाडी सुरू होत नाही. "मी आता अगदी बरा आहे" हे वाटणं आणि खरंच बरं असणं, यांतलं अंतर त्या यंत्रानं दाखवून दिलं.

आता तत्त्वज्ञानाकडे वळू. दारूच्या नशेत केलेल्या कृत्याला जबाबदार कोण? अॅरिस्टॉटलनं नीतिशास्त्राच्या तिसऱ्या भागात याचा विचार केलाय. नशेत गुन्हा करणाऱ्याला दुप्पट शिक्षा का, तर न पिणं त्याच्या हातात होतं. म्हणजे दोष स्टिअरिंगवरच्या क्षणाचा नाही, पहिल्या पेल्याच्या क्षणाचा आहे. शुद्धीत असताना त्याला सगळं कळत होतं. आपल्या मराठीत म्हणतात ना, कळतं पण वळत नाही. ते हेच.

मग यंत्र काय करतं? ते निर्णयाची वेळ बदलतं. रात्री बाराला, सर्वांत कमी विवेक शिल्लक असताना, "चालवू का नको" हा प्रश्नच ते उरू देत नाही. त्यामुळे विचार संध्याकाळी सहालाच करावा लागतो : आज प्यायचं असेल तर गाडी घरी ठेवू. ग्रीक कथेतल्या ओडिसियसनं मोहिनी घालणारी गाणी ऐकू येण्याआधीच स्वतःला डोलकाठीला बांधून घेतलं होतं. तो दुबळा नव्हता. आपण केव्हा दुबळे होतो, हे त्याला ठाऊक होतं.

अपमानाचा प्रश्न इथे सुटतो, असं आम्हाला वाटतं. यंत्र "पिऊ नकोस" म्हणत नाही, तुरुंगात घालत नाही, नोकरी घालवत नाही. ते एकच गोष्ट विचारतं : आत्ता, या क्षणी, तू शुद्धीत आहेस का? रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला हा प्रश्न विचारायचा हक्क आहेच. त्याच्या वतीनं यंत्र विचारतं.

न्यायाची एक बाजू मात्र सोडून चालणार नाही. खर्च दोषी माणसाला करावा लागतो. मग गरिबाला हीच शिक्षा जास्त जड नाही का होणार? कॅलिफोर्नियाच्या कायद्यात उत्पन्नानुसार सवलत आहे. दारिद्र्यरेषेच्या आत असलेल्याला खर्चाचा दहावा हिस्साच भरावा लागतो. समान शिक्षा म्हणजे समान रक्कम नव्हे, हे तिथे मान्य केलेलं दिसतं.

आणि एक मर्यादा. यंत्र गाडीत असेपर्यंत पुन्हा तोच गुन्हा करण्याचं प्रमाण सुमारे ७० टक्क्यांनी घटतं, असं अभ्यास सांगतात. काढल्यावर मात्र हा फायदा बराचसा ओसरतो. म्हणजे यंत्र वळवतं, पण वळायला शिकवतंच असं नाही. ते शिकणं माणसाचं काम, त्यासाठीच सोबत उपचारवर्ग असतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, आहे. पण दंड एकदा भरला की संपतो. त्या माणसाच्या पुढच्या शनिवारच्या रात्रीचं काय, हा प्रश्न उरतोच.

त्या गृहस्थांना आम्ही एवढंच म्हणालो : भाच्याला सांगा, निवड तुझी आहे, म्हणून ती लाज नाही. कोर्टानं लादलेलं बंधन आणि आपण होऊन घेतलेलं बंधन यांत फरक असतो. सहा महिने रोज फुंकताना त्यानं स्वतःलाही तोच प्रश्न विचारला, तर यंत्र निघाल्यावरही तो प्रश्न त्याच्यापाशी राहील.

पुढच्या वेळी सवय म्हणजे काय, यावर बोलू.