समुद्रकाठच्या परसातील बारमाही गुलाब

गोमंतकातील फुलांची गणना करू लागलो की आबोली, मोगरा, शेवंती, सुरंगी, ओवळ ही नावे सहज ओठांवर येतात. गुलाबाचे नाव त्या पंक्तीत क्वचितच निघते. ‘समुद्राकाठी गुलाब जगत नाही’ अशी समजूत आपल्याकडे घरोघरी आढळते, व तिला अनुभवाचा आधारही आहे. डिसेंबरात फुललेले रोप मोठ्या हौसेने विकत आणावे, पावसाळ्यात त्याची पाने गळून पडावीत, आणि चतुर्थीच्या सुमारास कुंडीत काळ्या पडलेल्या काटक्या तेवढ्या उराव्यात, हा क्रम अनेकांच्या परिचयाचा आहे. पैसे जातात ते जातातच. पण रोप लावणारा मुलगा किंवा मुलगी ‘आपल्या हाताला झाड लागत नाही’ असे मनाशी धरून बसते, हे नुकसान अधिक मोठे. वस्तुतः दोष हाताचाही नसतो आणि मातीचाही नसतो. तो बहुधा जातीच्या निवडीत आणि निगेच्या वेळापत्रकात असतो.

आपण जो गुलाब आणतो तो लांब दांड्याचा, एकेका काडीवर एकच टपोरे फूल धरणारा असतो. थंड व कोरड्या हवेत तो शोभतो. आपल्या हवेत त्याच्या दाट पाकळ्यांत पावसाचे पाणी साचते व कळी उमलण्यापूर्वीच कुजते. याउलट गुलाबाचा दुसरा एक वर्ग आहे: दोन ते तीन फूट उंचीची, आटोपशीर, झुडपासारखी वाढणारी आणि घोसांनी फुलणारी झाडे. समुद्रकाठच्या लहान परसाला हाच वर्ग मानवतो.

या वर्गाचा इतिहास मनोरंजक आहे. युरोपातील बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदाच, उन्हाळ्याच्या आरंभी, फुलत असत. पुनःपुन्हा फुलणारे गुलाब चीनमधील उद्यानांत होते, व अठराव्या शतकाच्या अखेरीस ते व्यापारी जहाजांतून युरोपात पोहोचले. त्यांतील काही कलकत्त्यामार्गे गेल्यामुळे फ्रेंच लोक त्यांना ‘बंगालचा गुलाब’ म्हणू लागले. पुढे जपानकडील घोसांनी फुलणाऱ्या रानगुलाबाचा या चिनी गुलाबाशी संकर झाला, व 1875 साली फ्रान्समधील लियों शहरी गियो याने ‘पाकरेत’ नावाचा ठेंगणा, झुपकेदार गुलाब प्रसिद्ध केला. या वर्गास पॉलिअँथा म्हणतात. डेन्मार्कमधील पोल्सेन घराण्याने त्याचा मोठ्या फुलांच्या गुलाबांशी संयोग घडवला. त्यातून फ्लोरिबंडा हा वर्ग उदयास आला. 1932 सालचा इंग्लंडमधील गुलाबी ‘फेअरी’ आणि 1958 सालचा जर्मनीतील पांढरा ‘आइसबर्ग’ ही या दोन वर्गांची प्रसिद्ध उदाहरणे होत. आपल्या देशात हे कार्य डॉ. बी. पी. पाल यांनी केले. गव्हाच्या संशोधनासाठी विख्यात असलेले व 1965 साली भारतीय कृषी संशोधन परिषदेचे पहिले महासंचालक झालेले हे शास्त्रज्ञ स्वतः गुलाबाच्या नव्या जाती निर्माण करीत.

चिनी गुलाब बारमाही का फुलतो, याचे उत्तर 2012 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून मिळाले. एकदाच फुलणाऱ्या गुलाबात एक जनुक असे असते, की जे बहर सरल्यावर नव्या फुटव्यांना फुलू देत नाही. बारमाही गुलाबात हे जनुक बिघडलेले असते. परिणामी त्याचा प्रत्येक नवा फुटवा वाढून शेवटी कळीच धरतो. ही गोष्ट विद्यार्थ्यांनी नीट ध्यानात ठेवावी, कारण पुढील सारी निगा तिच्यावर आधारलेली आहे. नवा फुटवा म्हणजे नवे फूल. म्हणून झाडाला सतत फुटवे आणण्यास प्रवृत्त करणे हेच माळ्याचे काम.

आता समुद्रकाठच्या अडचणींकडे वळू. पहिली अडचण क्षाराची. पश्चिमेचा वारा लाटांचे सूक्ष्म तुषार घेऊन येतो. ते पानांवर बसले म्हणजे पानांच्या कडा करपतात. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते. मातीत मीठ वाढले की मुळांना पाणी शोषणे जड जाते व माती ओली असूनही झाड तहानेले राहते. माडाच्या बुंध्याशी मीठ घालण्याची व मासळीचे खत देण्याची आपल्याकडे पूर्वापार चाल आहे. माड ते सहन करतो. गुलाब करीत नाही. खारवलेल्या मासळीचा चुरा गुलाबाच्या आळ्यात कधीही टाकू नये. पाणी रोज थोडे थोडे शिंपडण्यापेक्षा दोन-तीन दिवसांआड भरपूर द्यावे, म्हणजे साचलेले क्षार मुळांच्या खाली धुऊन जातात. जोराचा खारा वारा वाहून गेल्यावर पाने सकाळी गोड्या पाण्याने धुवावीत, म्हणजे उन्हात ती लवकर वाळतात.

वारा अडविण्यासाठी भिंतीपेक्षा कुंपण बरे. भिंतीवर आदळलेला वारा वरून उसळून आतील बाजूस भोवऱ्यासारखा फिरतो. पानांच्या कुंपणातून मात्र तो गाळून, मंद होऊन येतो. जास्वंदीचे किंवा वनजाईचे कुंपण या कामी उपयोगी पडते. मात्र गुलाबाला दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल एवढे अंतर राखावे.

दुसरी अडचण मातीची. पुळणीच्या रेतीत पाणी व सत्त्व टिकत नाही, तर जांभ्याची तांबडी माती आम्लधर्मी असते. रेतीत शेणखत, कुजलेला पाला व तांबडी माती मिसळावी. जांभ्याच्या मातीत मूठभर शिंपल्यांचा चुना घालणे हितकर ठरते. परंतु शिंपल्यांचा चुरा असलेल्या रेतीत तो मुळीच घालू नये. तेथे चुना आधीच अधिक असतो, व लोह न मिळाल्याने कोवळी पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. खड्डा दीड फूट खोल घ्यावा, पण वाफा जमिनीपासून वीतभर उंच ठेवावा. दोन झाडांत दोन ते अडीच फूट अंतर असावे. आळ्यावर सोडणांचे तुकडे व वाळलेला पाला पसरला म्हणजे ओल टिकते.

तिसरी आणि सर्वांत मोठी अडचण पावसाची. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, व तो बहुतेक चार महिन्यांतच. पानांवर जे काळे गोल डाग पडतात ते एका बुरशीमुळे. पान सुमारे सात तास सतत ओले राहिले की तिचे बीजाणू रुजतात, आणि पावसाच्या थेंबांनी उडालेल्या पाण्याबरोबर खालच्या पानांवरून वर चढतात. म्हणून झाड मोकळ्या हवेत असावे, डाग पडलेली पाने खुडून व गळलेली वेचून दूर पुरावीत, आणि आळ्यावरील पाल्याचे आच्छादन पातळ होऊ देऊ नये. चकाकणाऱ्या, जाडसर पानांची जात निवडली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. मुसळधार पावसात खत घालू नये. ते वाहून जाते. मात्र हाच पाऊस उन्हाळ्यात साचलेले मीठही धुऊन नेतो, हा त्याचा उपकार विसरता कामा नये.

छाटणीचा काळ ऑक्टोबर, पाऊस ओसरल्यावर. वाळलेल्या, रोगट व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या मुळाशी काढाव्यात. उरलेल्या फांद्यांचा वरचा तिसरा भाग तेवढा छाटावा. काप धारदार कात्रीने, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या किंचित वर, तिरपा घ्यावा व त्यावर बोर्डो मलम लावावे. अन्यथा फांदी टोकाकडून काळी पडत खाली वाळत येते. त्यानंतर कुजलेले शेणखत व थोडी पेंड द्यावी. सहा ते सात आठवड्यांत पहिला बहर येतो. फुले कोमेजताच घोस त्याच्या खालच्या पाच दलांच्या पानापर्यंत कापावा. फूल झाडावर राहून फळ धरू लागले तर झाडाची शक्ती बियांकडे वळते व नवा फुटवा लांबतो. हे काम नेमाने केले तर एप्रिलपर्यंत बहरामागून बहर येत राहतात.

नवे झाड विकतच आणले पाहिजे असे नाही. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब काड्या सावलीत रेताड मातीत खोचल्या तर पुष्कळशा मुळे धरतात. अशा झाडास कलमाचा सांधा नसल्यामुळे खालून रानगुलाबाचा फुटवा येऊन मूळ जात दबून जाण्याचे भय नसते. शिवाय एक झाड शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या दहा अंगणांत पोहोचते.

विद्यार्थी मित्रहो, या ऑक्टोबरात एखादी तरी काडी वाफ्यात लावून पाहा. ती पावसाळ्यात रुजवून ठेवलेली असेल तर उत्तमच. वहीत तिथी, पाऊस, पहिली कळी व पहिला डाग यांची नोंद ठेवा. दोन वर्षांच्या अशा नोंदींतून तुमच्या वाड्यावरील वारा, पाणी व माती यांची जी ओळख होईल, ती कोणत्याही पुस्तकात छापलेली नाही. आणि ‘येथे गुलाब जगत नाही’ असे पुढे कोणी म्हणाले, तर वाद घालण्याचे कारण नाही. त्याच्या हाती एक रुजलेली काडी द्यावी.