पाच रंगांचे ताट

भगिनींनो, शनिवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात अनेक वर्षे एकच रीत होती. आधी पुरुषांची आणि मुलांची पंगत, मग पातेल्याच्या तळाशी उरेल ते आम्ही बायकांनी खायचे. उरायची भाकरी आणि पातळ कालवण. चक्कर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी अंगात रक्त कमी असल्याचे सांगितले.

याच सुमारास जपानी जेवणाची माहिती वाचनात आली. 'वाशोकू' या तिथल्या पारंपरिक आहारपद्धतीला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तिचे सूत्र 'इचिजू सानसाई', म्हणजे एक सार आणि तीन पदार्थ. सोबत भात व लोणचे. तिन्हींपैकी एक पदार्थ मासे, अंडी किंवा सोयाबीनचा. बाकीचे दोन बहुधा भाज्यांचे. जेवणात पांढरा, काळा, तांबडा, पिवळा आणि हिरवा असे पाच रंग असावेत. सगळेच तळू नये. काही कच्चे, काही भाजलेले, काही उकडलेले असावे.

यासाठी जपानी सामान कशाला हवे? आम्ही महात्मा फुले मंडईत जातो आणि तेच सूत्र आपल्या ताटात बसवतो. ज्वारीची भाकरी, तुरीचे पिवळे वरण, मोडाची मटकी किंवा सुकट, मेथीची भाजी, मुळा-टोमॅटोची कोशिंबीर आणि चिमूटभर काळ्या तिळाची चटणी. पाचही रंग आले! धान्य आणि कडधान्य एकत्र खाल्ले की प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात. मटकी-मेथीवर लिंबू पिळले की त्यांतले लोह अंगी लागायला मदत होते. एक गोष्ट मात्र घेऊ नये. जपानी जेवणात मीठ फार असते. आपण लोणचे-पापड बेतानेच वाढावे.

ओकिनावा बेटावर दहापैकी आठ भाग पोट भरले की थांबतात. तथागतांनीही कोसलनरेश प्रसेनजिताला मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला होता. पण भगिनींनो, मात्रा म्हणजे केवळ कमी खाणे नव्हे. जिच्या ताटात कमी पडते, तिने पुरेसे खाणे हीसुद्धा मात्राच!

जुन्या जपानी घरांत प्रत्येकाचे जेवण वेगळ्या छोट्या चौरंगावर मांडत. आम्ही तेवढेच उचलले. आता जेवणाआधी सगळी ताटे एकदम वाढतो आणि स्वयंपाक करणारीचे ताटही त्याच रांगेत असते. आज रात्री आपल्या घरी ताटे मोजून पाहा. आपले त्यात आहे ना?