लाकूड : दोन-तीन गुणांचा प्रश्न, पण हुकमी!

जेई किंवा एमपीएससी स्थापत्यची तयारी करताय? मग 'टिंबर' हे प्रकरण पाठ करू नका, समजून घ्या. पेपरात हमखास फसवणारे मुद्दे:

🪵 सॉफ्टवुड-हार्डवुड : हे वर्गीकरण वनस्पतिशास्त्रीय आहे, कठीणपणाचे नाही. देवदार, चीड सॉफ्टवुड; साग, साल हार्डवुड. अतिशय हलके बाल्सासुद्धा हार्डवुडच!

💧 आर्द्रता : टक्केवारी काढताना भागायचे ते भट्टीत पूर्ण वाळवलेल्या वजनाने. नमुना ओला ५६ ग्रॅम, वाळल्यावर ५० ग्रॅम. फरक ६, म्हणून आर्द्रता १२ टक्के. ५६ ने भागलेले उत्तरही पर्यायांत असू शकते, सावध राहा.

📉 आकसणे : लाकूड सुकताना आधी पेशींच्या पोकळीतले पाणी जाते, तेव्हा आकार बदलत नाही. आर्द्रता साधारण २५-३० टक्क्यांखाली आली की पेशीभित्तिकांतले पाणी जाऊ लागते. इथून लाकूड आकसते आणि त्याची ताकदही वाढते. आकसण्याचा क्रम : वर्षवलयांच्या स्पर्शदिशेने सर्वाधिक, त्रिज्येच्या दिशेने सुमारे निम्मे, लांबीत नगण्य. फळ्या वाकतात त्या या फरकामुळेच.

💪 ताकद : तंतूंच्या दिशेने ताण सर्वाधिक सोसते, तंतूंना आडवा ताण सर्वांत कमी. गाठी असतील तर ताणातली ताकद जास्त घटते, दाबातली त्या मानाने कमी.

📘 आयएस ८८३ मध्ये लाकडाचे अ, ब, क गट स्थितिस्थापकता गुणांकावरून पाडले आहेत.

पोस्ट सेव्ह करा, अभ्यासगटात पाठवा.

#स्थापत्य_अभियांत्रिकी #बांधकाम_साहित्य