घरच्या संगणकाची निगा आणि नोंदींची राखण



ऊस नोंदीच्या निमित्ताने आम्ही व आमचे शेतकी मदतनीस गावोगाव फिरतो. आता बऱ्याच घरांत संगणक दिसतो. मुलामुलींच्या शिक्षणासाठी तो घेतलेला असतो, पण हळूहळू शेतीचा हिशेबही त्यावर येऊन बसतो. कोणत्या गटात लागण कधी केली, बेणे कोठून आणले, माती परीक्षणाचा अहवाल काय आला, खताच्या मात्रा किती दिल्या, एकरी उतारा किती पडला, हे सारे त्यात असते. खोडव्याचा उतारा घटला म्हणजे आम्ही पहिल्यांदा मागच्या तीन-चार वर्षांच्या नोंदीच मागतो. त्यावर "साहेब, सगळं कॉम्प्युटरमध्ये होतं, पण तो बिघडला," असे उत्तर अलीकडे वरचेवर ऐकू येते.

सातबारा पुन्हा काढता येतो. ऊसबिलाची नक्कल कारखान्यातून मिळते. पण आपल्या हाताने ठेवलेली नोंद दुसऱ्या कोणाजवळ नसते. यंत्र पैसे टाकून नवे आणता येते, नोंद आणता येत नाही. म्हणून यंत्राची निगा कशी राखावी आणि नोंदी कशा जपाव्यात, याची थोडी माहिती येथे देत आहोत.

वीज

कमी-जास्त दाबाने मोटर जळते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. घरातील वीज २३० व्होल्टची धरलेली असते, पण आपल्या भागात ती कधी खाली जाते, कधी एकदम उसळते. संगणकाला त्याहून वाईट म्हणजे चालू असताना अचानक वीज जाणे. त्या क्षणी डिस्कवर लिहिणे चालू असेल तर फाईल अर्धवट राहते आणि पुढे उघडत नाही. यासाठी टेबलावरच्या संगणकाला यूपीएस हवाच. लहान यूपीएस साधारण दहा-पंधरा मिनिटे साथ देतो. ही वेळ काम पुढे चालवण्यासाठी नसून काम जतन करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी असते. त्याची बॅटरी दोन-तीन वर्षांत उतरते, ती वेळेवर बदलावी. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये. तो एकदम जादा वीज ओढतो.

अर्थिंग नीट आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावे. तीन पिनांच्या प्लगची जाड पीन तोडून तो दोन भोकांच्या सॉकेटमध्ये खुपसणे ही सवय सोडावी. वळवाचा पाऊस आणि विजांचा कडकडाट सुरू झाला की नुसते बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून ठेवावा. इंटरनेटच्या डब्याचाही प्लग काढावा.

धूळ आणि उष्णता

संगणकाच्या आत पंखा असतो. तो गरम हवा बाहेर टाकतो, पण बाहेरची धूळही आत ओढतो. आपल्याकडे रस्त्याचा फुफाटा, पाचटाची राख, गुऱ्हाळाचा धूर असतोच. जाळीत धूळ बसली की यंत्र तापते, तापले की आपोआप चाल कमी करते आणि शेवटी मध्येच बंद पडते. पुष्कळ घरांत संगणकावर भरतकामाचा रुमाल असतो. यंत्र बंद असताना तो जरूर घालावा, चालू असताना काढावा. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नये. खालची हवेची भोके बुजतात.

दर सहा महिन्यांनी प्लग काढून, डबा उघडून मऊ ब्रशने व ब्लोअरने धूळ काढावी. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा, वाऱ्याने भरारा फिरू देऊ नये. ओले फडके आत लावू नये. लॅपटॉप मात्र घरी उघडू नये, तो जाणकाराकडेच द्यावा.

घरच्या घरी ओळखता येणारी दुखणी

१) तारीख मागे जाणे. संगणक सुरू केला की जुनेच साल दिसते आणि बँकेची साइट "सुरक्षित नाही" म्हणून उघडत नाही. बहुधा आतला नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो ३ व्होल्टचा, सीआर २०३२ नावाचा, घड्याळाच्या दुकानातही मिळतो. सेल बदलून तारीख नीट लावली की काम होते.

२) पंखा फिरतो, शिट्टी वाजते, पण पडदा काळाच. अनेकदा रॅमची पट्टी सैल झालेली किंवा तिच्या टोकांवर मळ बसलेला असतो. प्लग काढावा, डब्याच्या लोखंडाला हात लावून अंगातली स्थिर वीज उतरवावी, पट्टी काढून तिची सोनेरी टोके पेन्सिलच्या खोडरबराने हलके पुसावीत आणि पट्टी दोन्ही बाजूंनी घट्ट बसवावी.

३) यंत्र रखडत चालणे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकदम दाबली की कोणता प्रोग्राम किती ताण देतो, ते दिसते. नको असलेले बंद करावेत. जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून एसएसडी बसवावी. जुने यंत्र टाकून देण्याआधी हा उपाय अवश्य करून पाहावा, फरक लगेच जाणवतो. रॅम वाढवायची असल्यास जुनी पट्टी सोबत न्यावी. डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही.

४) हार्ड डिस्कमधून टक-टक आवाज येणे. हा धोक्याचा इशारा आहे. पुन्हा पुन्हा सुरू-बंद करून पाहू नये. आधी महत्त्वाच्या फायली दुसरीकडे उतरवाव्यात. एसएसडी तर आवाज न करताही एकाएकी जाते.

नकला ठेवणे

चांगला शेतकरी सगळे बेणे एकाच फडात ठेवत नाही. नोंदींचेही तसेच आहे. तीन नकला असाव्यात: एक संगणकात, दुसरी बाहेरच्या डिस्कवर आणि तिसरी घराबाहेर, म्हणजे इंटरनेटवरील साठ्यात किंवा शहरातल्या मुलाकडे. पेनड्राइव्ह ने-आण करायला ठीक, पण एकुलती एक नक्कल त्यावर ठेवू नये.

नक्कल झाली की बाहेरची डिस्क काढून कपाटात ठेवावी. कारण असे की, फायलींना कुलूप घालून खंडणी मागणारे विषाणू जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या अशाच विषाणूने जगभरातील असंख्य संगणक अडकवले होते. ज्यांच्याकडे वेगळी नक्कल होती, त्यांना आपल्या फायली परत आणता आल्या.

नक्कल केल्यावर तीतली एखादी फाईल उघडून पाहावी. उगवण न तपासलेले बियाणे आणि न तपासलेली नक्कल सारखीच. शिवाय मराठी नोंदी युनिकोडमध्येच लिहाव्यात. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये लिहिलेली फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडली की नुसती भलभलती चिन्हे दिसतात.

जुना संगणक विकत घेताना

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. त्यामुळे कोणी स्वस्तात जुने यंत्र देत असेल, तर त्यावर विंडोज ११ चालते का, हे आधी विचारावे. त्यासाठी टीपीएम २.० ही सोय आणि तिच्या यादीत बसणारा प्रोसेसर लागतो. कमीत कमी ४ जीबी रॅम व ६४ जीबी साठा सांगितला आहे, पण ४ जीबीवर काम सुखाने होत नाही. ८ जीबी पाहूनच घ्यावे.

येवढे सगळे एका दिवसात होणार नाही, आणि त्याची घाईही नाही. मात्र एक काम या आठवड्यातच करावे: आपल्या शेतीच्या व हिशेबाच्या फायलींची एक नक्कल काढून ती घराबाहेर ठेवावी. पुढे दर लागणीला, दर ऊसबिलाला ती ताजी करावी. म्हणजे पुढच्या हंगामात आम्ही बांधावर येऊन खोडव्याचा उतारा का घटला हे तपासू लागलो, तर आपल्यापुढे अंदाज नव्हे, आकडे असतील.

— ऊस विकास अधिकारी