मॉरिशस : समुद्र पाहाच, पण बाजारही पाहा

आपल्या समाजात परदेश म्हटले की आधी हज-उमरा आणि मग दुबई. माल आणायचा तर दुबई, नोकरी करायची तर दुबई, चार पैसे हाती आल्यावर मुलाबाळांना फिरवायचे तरी दुबईच. पण आफ्रिकेच्या पूर्वेला, मादागास्करच्याही पुढे, हिंदी महासागरात एक लहानसा देश आहे. तेथे चलनाला रुपयाच म्हणतात. रमजान ईदची सरकारी सुट्टी असते, गणेशचतुर्थीचीही असते आणि चिनी नववर्षाचीही असते. भर बाजारात जामा मशीद आहे आणि दोनशेच्या नोटेवर कलकत्त्यात जन्मलेल्या एका मुसलमान पुढाऱ्याचे चित्र आहे. हा देश म्हणजे मॉरिशस.

सिनेमावाल्यांनी आणि सहल कंपन्यांनी आपल्याला या देशाचे निळे पाणी व पांढरी वाळू तेवढी दाखवली. ते खोटे नाही, पण अर्धेच आहे. उरलेले अर्धे व्यापारी आणि कारागीर बंधूंनी मुद्दाम पाहावे असे आहे, म्हणून हा लेख.

सारेच बाहेरून आलेले

या बेटाला मूळचा रहिवासी असा कोणी नाही. डच आले ते १५९८ मध्ये. त्यांनी आपल्या राजपुत्राचे नाव बेटाला दिले, १६३८ मध्ये वस्ती केली आणि १७१० मध्ये ती सोडूनही दिली. डोडो नावाचा न उडणारा पक्षी याच बेटावरचा. डचांच्या काळातच तो दुनियेतून नाहीसा झाला. १७१५ मध्ये फ्रेंच आले. त्यांनी पोर्ट लुई हे बंदर बांधून काढले आणि आफ्रिका व मादागास्करहून गुलाम आणले. १८१० मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. १८३५ मध्ये गुलामी बंद झाली. मग उसाच्या मळ्यांना मजूर कोठून आणायचे? ते आले हिंदुस्थानातून, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून, करारावर अंगठा देऊन. सुमारे साडेचार लाख लोक असे गेले. त्यात आपल्या कोकणातलेही होते. त्यांचे वंशज आजही तेथे गणपती बसवतात, झाकरी नाचतात आणि त्यांच्या मुलांना शाळेत मराठी शिकण्याची सोय आहे.

हे मजूर ज्या धक्क्यावर उतरत तो आप्रवासी घाट पोर्ट लुईत आहे. २००६ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारसा ठरवले. नैऋत्य टोकाला ल मॉर्न नावाचा उंच सुळका आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या आसऱ्याला जात. त्याला २००८ मध्ये तोच मान मिळाला. समुद्रात उतरण्याआधी ही दोन ठिकाणे पाहावीत, म्हणजे हा देश कोणाच्या घामावर उभा आहे ते समजते.

लष्करी, मेमन आणि सुरती

मुसलमान मात्र मजुरांच्याही आधी तेथे पोचले होते. फ्रेंचांच्या जहाजांवर आपल्याकडचे खलाशी असत, त्यांना लष्करी म्हणत. पाँडिचेरीकडून गवंडी, सुतार असे कारागीरही नेले गेले. पोर्ट लुईच्या ज्या भागात खलाशांची वस्ती होती तेथे १८०५ मध्ये बेटावरची पहिली मशीद उभी राहिली. ती आज अल-अक्सा मशीद म्हणून ओळखली जाते.

त्यानंतर आले व्यापारी. कच्छी मेमन तांदूळ आणि धान्याच्या व्यापारात शिरले, सुरती मंडळी कापडाच्या. स्वतःच्या खर्चाने, स्वतःचा माल घेऊन आलेले हे लोक. पेढी नीट उभी राहताच मेमनांनी १८५२ च्या सुमारास शहराच्या मध्यभागी जागा घेऊन जामा मशिदीला हात घातला. पुढे कित्येक वर्षे तिचा विस्तार होत राहिला. पांढऱ्या नक्षीची ही इमारत आजही पाहत राहावी अशी आहे. अंगणात बदामाचे मोठे झाड आहे. बिगरमुस्लिम पाहुण्यांनाही नमाजाच्या वेळा सोडून अंगणात येऊ देतात, फक्त कपडे अंगभर हवेत. मशिदीच्या चारी बाजूंना चिनी दुकाने, कापडाची दुकाने आणि बँका आहेत. जोहरची अजान झाली की दुकानदार गल्ला सोपवून पाच मिनिटांत सफेत उभा राहतो. आम्हाला तर महंमद अली रोडची आठवण झाली.

नोटेवरचे पुढारी म्हणजे सर अब्दुल रझाक मोहमद. ते १९२८ मध्ये मॉरिशसला आले आणि पुढे पोर्ट लुईचे महापौर झाले. मुसलमानांचा स्वतंत्र पक्ष काढून त्यांनी स्वातंत्र्याच्या बाजूने वजन टाकले. १२ मार्च १९६८ रोजी देश स्वतंत्र झाला.

पण सारे गोडच होते असे नाही. त्याच वर्षी जानेवारीत पोर्ट लुईत मुसलमान आणि क्रिओल वस्त्यांत दंगल पेटली. इंग्रज सरकारला बाहेरून फौज आणावी लागली. मिश्र मोहल्ल्यांतली पिढीजात घरे सोडून लोक आपापल्या वस्त्यांत गेले. ते दुःख काय असते हे भिवंडी-मुंबईवाल्यांना समजावून सांगायला नको. तरीही देश सावरला. कासम उतीम १९९२ ते २००२ राष्ट्राध्यक्ष होते. दहशतवादविरोधी कायद्यावर सही करणे मनाला पटले नाही म्हणून त्यांनी खुर्ची सोडली. २०१५ मध्ये शास्त्रज्ञ अमीना गरीब-फकीम राष्ट्राध्यक्ष झाल्या. लोकसंख्येत मुसलमान शेकडा सतराच्या आसपास आहेत, हे लक्षात घेऊन या गोष्टीकडे पाहावे.

खाणे आणि बोलणे

रस्त्यावरचा राजा म्हणजे डालपुरी. चण्याची डाळ वाटून भरलेली पातळ पोळी, पुरणपोळीची तिखट धाकटी बहीणच म्हणा. दोनाची जोडी मिळते, सोबत वालाची भाजी आणि चटणी. मध्यवर्ती मंडईत ‘आलुदा’ प्यावा. सब्जा घातलेला हा आपला फालुदाच. लग्नात देगेतली बिर्याणी आणि ईदला शेवयांचे दूध. हलाल खाण्याची चिंता नाही, पण हॉटेलात एकदा विचारून घ्यावे.

राज्यकारभार इंग्रजीत, वर्तमानपत्रे फ्रेंचमध्ये आणि घरचे बोलणे क्रिओलमध्ये. नोटेवर इंग्रजीबरोबर तामिळ आणि हिंदीही छापलेली असते. उर्दू शाळेत शिकवली जाते, मुशायरेही होतात. मात्र घरात ती जवळजवळ उरलेली नाही. मेमनी आणि सुरतीचीही तीच गत. आमचे शिक्षण उर्दूत झाले, म्हणून ही गोष्ट मनाला लागली. त्या लोकांनी मशीद राखली, मदरसे राखले, खाणे राखले. भाषा मात्र शाळेच्या तासापुरती उरली. आपल्या घरात मुलांशी आपण कोणत्या भाषेत बोलतो, याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

कापडाचा धडा

आता धंद्याचे. सत्तर सालापर्यंत मॉरिशस म्हणजे फक्त साखर. भाव पडला की देश पडला. १९७० मध्ये सरकारने निर्यात उद्योगांना करसवलती देणारा कायदा केला. त्या काळात अमेरिका-युरोपात कोणत्या देशाने किती कापड पाठवायचे याचा कोटा ठरलेला असे. हाँगकाँगच्या कारखानदारांचा कोटा भरला की ते दुसरा देश शोधत. मॉरिशसला युरोपात जकात माफ होती. बघता बघता बेटावर कारखाने उभे राहिले आणि हजारो बायका शिलाई यंत्रावर बसल्या. लोकरी स्वेटर विकणाऱ्या मोठ्या देशांत या चिमुकल्या बेटाचे नाव आले.

२००५ च्या पहिल्या दिवशी कोटा संपला. बाहेरच्या मालकांनी त्याच्या आसपास गाशा गुंडाळला आणि हजारो बायकांची रोजी गेली. टिकले कोण? ज्यांनी स्वतःची सूतगिरणी व रंगाई घातली, चांगला माल वेळेवर द्यायची शिस्त ठेवली आणि जास्त हाताचे काम मादागास्करला नेले ते. ज्यांचे भांडवल केवळ कोटा होते ते गेले. मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्यांनी हे ध्यानात ठेवावे. सवलत ही उधारीच्या छत्रीसारखी आहे. ती डोक्यावर आहे तोवरच स्वतःचे छप्पर घालून घ्यावे.

१ एप्रिल २०२१ पासून भारत आणि मॉरिशस यांच्यात व्यापार करार लागू आहे. आपल्या ३१० प्रकारच्या मालाला त्यात सवलत असून काही कापडी मालही त्यात आहे. निर्यात करणाऱ्यांनी आपला माल त्या यादीत बसतो का, ते पाहावे.

जाणाऱ्यांसाठी

मुंबईहून थेट विमानाने सुमारे सहा तास. घड्याळ दीड तास मागे घ्यावे. सहलीसाठी भारतीयांना आधी व्हिसा काढावा लागत नाही. परतीचे तिकीट, राहण्याचे आरक्षण आणि खर्चाची रक्कम दाखवावी लागते. मात्र सहलीच्या परवानगीवर तेथे धंदा करता येत नाही. ऋतू आपल्या उलट, जून ते सप्टेंबर थंडी. नोव्हेंबर ते एप्रिल वादळांचे दिवस.

पाम्प्लेमूसच्या बागेत परातीएवढ्या पानांची कमळे आहेत. शामारेलला सात रंगांची माती आहे. क्युरपिपला झाडांनी झाकलेले ज्वालामुखीचे तोंड आहे. तेथील कारागीर लाकडी जहाजांच्या हुबेहूब लहान प्रती बनवतात, आपल्या सुतार बंधूंनी ते काम जरूर पाहावे. कात्र बोर्न येथे गुरुवारी आणि रविवारी कपड्यांचा बाजार भरतो. निर्यातीतून उरलेला माल हाताळून पाहावा. शिलाई उलटी करून पाहिली की कारखान्याची शिस्त कळते.

२०२० मध्ये एक मोठे जहाज प्रवाळावर चढून त्याचे तेल समुद्रात पसरले. तेव्हा लोकांनी सरकारची वाट न पाहता उसाचे पाचट कापडी पिशव्यांत भरले, त्या शिवल्या आणि किनाऱ्याला बांध घातला. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारेच त्या कामाला लागले होते. गुलामाचे, गिरमिटियाचे आणि व्यापाऱ्याचे नातू एका किनाऱ्यासाठी राबले. त्या देशाची याहून चांगली ओळख आम्हाला करून देता येणार नाही.